पावती मागितली म्हणून दान बाटत नाही

काका (सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय), कमेंट वाचली. ८०जी, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये वजावट देणारं कलम, त्यावरच्या माझ्या लेखावर तुमचा राग असा, की सत्पात्री दानाला पावती कशाला, मी लोकांना टॅक्स वाचवायच्या युक्त्या शिकवतोय, तिकडे इंग्लंडात सरकार दानात पदरची भर घालतं आणि इथे मात्र तुमच्या अमेरिकेतल्या पुतण्याने गावच्या शाळेला देऊ केलेले पैसे ट्रस्टने घेतले नाहीत.

आधी युक्तीचं बघू. १०,००० रुपये दिले, संस्था ५० टक्केवाली असली तर ५,००० उत्पन्नातून वजा होतात, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून टॅक्स वाचतो १,५६०. म्हणजे खिशातून ८,४४० गेलेच ना? यात कोण गब्बर होणार! आणि नवी टॅक्स रिजीम घेतली असेल तर तेवढेही नाहीत. गब्बर होतात ते चेक देऊन कमिशन कापून मागच्या दाराने कॅश परत घेणारे, आणि पावतीची कटकट त्यांच्यामुळेच आहे. २,००० च्या वर रोख दिलं तर वजावट नाही, संस्थेने देणगीदारांची यादी खात्याकडे भरायची आणि तुम्हाला १०बीई हे देणगीचं सर्टिफिकेट द्यायचं, हे सगळं त्यातूनच आलंय.

इंग्लंडच्या गिफ्ट एड या देणगी योजनेत १०० पौंडांवर संस्थेला २५ पौंड जास्तीचे मिळतात हे खरं, पण ते सरकारच्या पदरचे कुठले, देणाऱ्याने आधी भरलेला टॅक्सच तो. तेवढा टॅक्स भरलेलाच नसेल आणि तरी गिफ्ट एडच्या फॉर्मवर टिक केली तर फरक देणाऱ्याकडून वसूल होतो. पद्धत मात्र मला आपल्यापेक्षा आवडते, कारण फायदा आधी संस्थेच्या हातात पडतो. आपल्याकडे तो देणाऱ्याला, तोही रिटर्न भरताना आठवण राहिली तर.

आता पुतण्या. त्याचा पासपोर्ट कुठला ते तुम्ही लिहिलं नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, ट्रस्ट बिनधास्त घेऊ शकतो. अमेरिकन झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही तो परदेशीच, मग ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा निदान सरकारची पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेले, आणि २०२० पासून पैसे यायचे ते दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच. गावातल्या शाळेचा ट्रस्ट हे कुठून करणार? पूर्वी पुण्या-मुंबईची एखादी नोंदणीवाली मोठी संस्था पैसे घेऊन अशा छोट्यांना देऊ शकायची, २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. गैरवापर रोखायचा होता म्हणे, पण मार बसला तो खेड्यातल्या लहान संस्थांना, इथे तुमचा राग मला शंभर टक्के पटतो.

आणि पुतण्याला हेही सांगा की थेट गावच्या ट्रस्टला दिलेल्या पैशांवर अमेरिकेत त्याला वजावट मिळत नाही, तिथे तिथलीच ५०१सी३ (तिकडच्या कायद्याने करमुक्त असलेली धर्मादाय) संस्था लागते. बाकी ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोनवर जे बोललात ते जरा अति झालं काका, परवानगीशिवाय पैसे घेतले असते तर केस त्यांच्यावर झाली असती.