रातोरात नव्हे, वर्षभराने!
गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या अल्बमवरचा तुमचा लेख आवडला, पण 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' आला आणि रातोरात गाजला, हे वाक्य खटकलं. हा अल्बम गेफन या रेकॉर्ड कंपनीने जुलै १९८७ मध्ये काढला आणि अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर पोचला ऑगस्ट १९८८ मध्ये. मधलं वर्षभर बँडची पोरं गावोगावी दुसऱ्या बँडांच्या आधी वाजवत हिंडत होती. त्यातल्या 'वेलकम टू द जंगल' या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीने आधी दाखवला तोही लोक झोपल्यावर. खरा धक्का दिला 'स्वीट चाइल्ड ओ माइन' या गाण्याने.

आणि गिटारवादक स्लॅश व गायक ॲक्सलच्या कौतुकात दुसरा गिटारवादक इझी स्ट्रॅडलिनचं नावच नाही? अहो, निम्मा मसाला त्याचा! हेडफोन लावून ऐका, एका कानात त्याची गिटार, दुसऱ्या कानात स्लॅशची. इझी फार काही वाजवत नाही, पण जिथे थांबतो तिथेच गाणं डोलायला लागतं. त्यात ड्रमर स्टीव्हन ॲडलरचा किंचित सैल, झुलता ठेका. त्याच्या जागी आलेला मॅट सोरम ताकदीचा, पण तो झुला नंतर हरवलाच.

अल्बमच्या मुखपृष्ठाचं मात्र बरोबर लिहिलंय. चित्रकार रॉबर्ट विल्यम्सचं मूळ चित्र दुकानदारांना नको होतं, म्हणून क्रॉसवरच्या पाच कवट्या आल्या. आमच्या कॉलेजात निम्म्या पोरांच्या टी-शर्टवर त्याच होत्या, गाणी ऐकलेली असोत वा नसोत!

अल्बममधल्या 'रॉकेट क्वीन' या गाण्यावर सविस्तर लिहा एकदा. शेवटची दीड-दोन मिनिटं मला अजून पुन्हा मागे नेऊन ऐकावी लागतात.