‘आधी दहा किलो उतरवा’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि त्या रागाला कारण आहे. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी थोडक्यात मांडतो. गरोदरपणातल्या वजनावरच्या लेखात, वजन किती वाढावं याचा अमेरिकी तक्ता मी जसाच्या तसा दिला आणि बायकांच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवलं. तुमच्या ३६ वर्षांच्या वहिनींना ‘आधी दहा किलो उतरवा, मग उपचारांचं बघू’ असं सांगण्यात आलं आणि त्यात एक वर्ष गेलं. रोज डोंबिवलीहून सीएसएमटी गाठणाऱ्या बाईने व्यायाम करायचा कधी? शिवाय आपल्या आयांनी दोन जिवांचं खाल्लं, डिंकाचे लाडू खाल्ले, त्यांची मुलं धडधाकट झालीच ना?

वहिनींचं आधी, कारण तिथे वेळ हातातून जातोय.

वजन जास्त आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने अंडं वेळेवर तयार न होण्याचा त्रास) आहे, अशा वेळी ५ ते १० टक्के वजन उतरलं की दर महिन्याला अंडं तयार होण्याची शक्यता खरोखर वाढते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. पाळी नियमित असेल तर हा हिशोब तसाच लागू पडत नाही. नेदरलँड्समध्ये बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २९ किंवा जास्त असलेल्या आणि मूल होत नसलेल्या स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला, दुसऱ्या गटावर लगेच उपचार सुरू केले. पहिल्या गटाचं वजन उतरलं. पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण त्या गटात वाढलं नाही, उलट कमीच भरलं.

म्हणून पस्तिशीनंतर वजनासाठी तपासण्या अडवून ठेवणं मला चुकीचं वाटतं. या वयात सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की दोघांच्या तपासण्या सुरू व्हायला हव्यात, वजनाचं काम शेजारी चालू द्यावं. थांबायचं असेल तर साखर आणि रक्तदाबासाठी थांबावं. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) साडेसहा टक्क्यांच्या खाली आणून मगच दिवस राहू द्यावेत, कारण बाळाचे अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच घडतात आणि तेव्हाची वाढलेली साखर त्यांना बाधते. थायरॉइडची तपासणीही याच वेळी व्हावी.

तुमच्या प्रतिक्रियेत भावाचा उल्लेख कुठेच नाही, ते मला खटकलं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणजे त्याची सिगारेट किंवा गुटखा आज सुटला तर फरक दिसायला अडीच-तीन महिने जातात. वीर्यतपासणी स्वस्त आहे, त्रासाची नाही, आणि तीच शेवटी केली जाते. ती पहिल्या आठवड्यात करून घ्या.

आता मूळ लेखात खरंच राहून गेलेली गोष्ट. वजनाच्या आकड्याला मी जास्त जागा दिली, ताटाला कमी. आपल्याच मुंबईच्या वस्त्यांमध्ये यावर महत्त्वाचं काम झालेलं आहे. २००६ पासून काही वर्षं, साडेसहा हजारांच्या आसपास बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं, उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. एकूण सगळ्यांत बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. पण गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून पालेभाजी-फळं-दुधाचा खाऊ खाणाऱ्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार होती, आणि गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर या खाऊच्या गटात ७.३ टक्के निघाला. सगळ्यात बारीक बायकांच्या बाळांना मात्र वजनात काही लाभ झाला नाही. मी त्याचा अर्थ असा लावतो की जिचं पोटच पुरतं भरत नाही, तिला पालेभाजीच्या जोडीला आधी भाकरी-डाळ लागते. मुंबईत ‘वजन कमी करा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही तो याच कारणाने. १५५ सेंमी उंचीच्या बाईचं वजन ४४ किलोच्या आत असेल तर तिला वाढवायचं आहे.

तेव्हा तीन महिने आधीपासून: रोज एक वाटी शिजवलेली पालेभाजी, एक फळ, दोन कप दूध किंवा दही, आणि फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, म्हणून दवाखान्यात नाव नोंदवल्यावर सुरू केलेली गोळी या कामाला उशिराची ठरते. घरात कुणी मशेरी लावत असेल तर तीही आत्ताच बंद. मुंबईतल्याच १२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या किंवा दाताला लावणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली होती. ‘मी खात नाही, फक्त दात घासते’ हे यात चालत नाही.

तक्त्याबद्दल तुमचा आक्षेप मान्य. तो २००९ सालचा, अमेरिकी बायकांवरून बनवलेला आहे: बारीक बाईला साडेबारा ते अठरा किलो, मध्यम वजनाच्या बाईला साडेअकरा ते सोळा, जास्त वजनाच्या बाईला सात ते साडेअकरा, बीएमआय ३० च्या वर पाच ते नऊ. आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात, कारण त्याच वजनात आपल्या अंगावर चरबी अधिक असते. १५५ सेंमीला ते साधारण ५५ किलो होतं. तिथे पोहोचलेल्या बाईने सोळा किलोचं लक्ष्य ठेवू नये. एकूण बेरजेपेक्षा वेग पाहा: पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो, उलट्यांमुळे एखादा किलो उतरला तरी सहसा घाबरण्याचं कारण नाही, आणि पुढे आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम. एका आठवड्यात दोन किलो वाढले, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायला जा. ते खाण्याचं वजन नव्हे.

दोन जिवांच्या खाण्यावर मात्र मी ठाम आहे. वाढीव गरज दिवसाला सुमारे ३५० कॅलरींची आहे. एक मध्यम भाकरी, वाटीभर उसळ आणि छोटी वाटी दही, एवढ्यात ती भागते. मध्यम आकाराचे दोन डिंकाचे लाडूही तेवढीच भर घालतात, पण गूळ-तुपातून; प्रथिनं त्यात थोडी, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तीच रोज २२ ग्रॅम जास्त लागतात. आपल्या आया दळण-पाणी-धुणं करून लाडू खात होत्या. आवडतो तर एक लाडू खा, त्या दिवशी एक पोळी कमी. साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत करा, ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आली तर लाडू बाजूला. ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

लोहाची गोळी चहाबरोबर घेणं ही घरोघरची चूक आहे. चहामुळे त्यातलं लोह शरीरात बरंच कमी शोषलं जातं. एक तास अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे.

व्यायाम. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे रोजची बावीस, आणि ती तुकड्यांत चालतात. स्टेशनपर्यंत दहा मिनिटं झपाझप, जेवणानंतर बारा मिनिटं गल्लीत. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, एवढा वेग. गर्दीत तासभर उभं राहणं हा व्यायाम नाही, त्याने पाय सुजतात. लोकलच्या दिव्यांग डब्यातून गरोदर बाईला जाता येतं, तो हक्क वापरा. घरी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं बारा वेळा, भिंतीला हात लावून टाचा उचलणं पंधरा वेळा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी रोखल्यासारखे पाच सेकंद आवळणं, दहा वेळा. इथे श्वास रोखला किंवा मांड्या आवळल्या तर भलत्याच स्नायूंवर जोर पडतो. विसाव्या आठवड्यानंतर उताणं पडून व्यायाम नको, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीत दुखणं, यांपैकी काहीही झालं तर थांबा आणि दवाखाना गाठा. वार खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही नको.

मूळ लेखात तक्त्याच्या वर उंचीप्रमाणे आपल्याकडच्या मर्यादा टाकल्या आहेत आणि ‘आधी वजन, मग मूल’ हे वाक्य काढलं आहे. वहिनींच्या पुढच्या भेटीत एवढंच विचारा: आमच्या दोघांच्या तपासण्या या महिन्यात होतील का?