‘पालिका आता कचरा उचलणार नाही’ : एका फॉरवर्डची झाडाझडती

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा : ‘पुणेकरांनो, जागे व्हा! १०० किलोच्या नियमाचं निमित्त काढून महापालिका सोसायट्यांचा कचरा उचलणं बंद करतेय. कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ते तिचं बंधनकारक काम आहे. आपण सफाई कर भरतो, वर कचरावेचकांना वेगळे पैसे मोजतो, ही दुहेरी लूट. वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्रच होतो. सोसायटीत खत केलं तर दुर्गंधी, उंदीर, डेंगी; शिवाय जागाच नाही. तेव्हा सगळं एकत्रच द्या, बघू कसे उचलत नाहीत!’

मी आमच्या सोसायटीत तीन वर्षं सचिव होतो. कचऱ्यावरून सभासदांच्याही शिव्या खाल्ल्या आणि आरोग्य निरीक्षकाच्या नोटिसाही घेतल्या. त्यामुळे उत्तर द्यायला हरकत नसावी.

पहिली गोष्ट, हे नवीन नाही. रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला ‘मोठा कचरा निर्माता’ धरायचं, ही १०० किलोची रेघ केंद्राच्या घनकचरा नियमांत ८ एप्रिल २०१६ ला आली. मुंबईत पालिकेने २०१७ मध्ये मोठ्या संकुलांना ‘ओला कचरा तुमचा तुम्ही जिरवा’ म्हणून सांगितलं, तेव्हाही असेच मेसेज फिरले होते. रेघेच्या वरच्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, सुका कचरावेचकांना किंवा भंगाराला द्यायचा आणि उरलंसुरलं पालिकेच्या यंत्रणेकडे सोपवायचं, एवढंच त्या नियमांत होतं. ‘कचरा उचलणं बंद’ असं त्यात कुठेही नव्हतं.

आता १०० किलो म्हणजे नेमकं किती? आमचे ९६ फ्लॅट. ‘आपण कसले मोठे कचरा निर्माते, ते टाऊनशिपवाले’ असं मीटिंगमध्ये सगळ्यांचं म्हणणं पडलं. शेवटी भंगारवाल्याकडून ताणकाटा आणला आणि वॉचमनच्या केबिनबाहेर आठवडाभर रोज डबे लटकवून वजन केलं. मे महिना, आंब्याचे दिवस. बुधवारी ८४ किलो भरलं, सोमवारी १२३. कोयी आणि सालींनीच दोन ड्रम भरलेले. बी विंगच्या काकांनी लगेच विचारलं, ‘म्हणजे सोमवारी आपण मोठे आणि बुधवारी छोटे का हो?’ प्रश्न चोख होता. २०१६ च्या नियमात शब्द ‘सरासरी’ होता, आणि आमची सरासरी १०० च्या जरा वर निघाली. मीटिंगमध्ये शांतता पसरली. मेसेज पुढे ढकलणाऱ्या किती सोसायट्यांनी एकदा तरी काटा लावलाय?

कलम ६३ चं म्हणाल तर ते खरं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कचरा हटवणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे पालिकेच्या बंधनकारक कामांत मोडतं. पण त्याच कायद्यात घरमालक आणि भोगवटादारावरही आपला कचरा गोळा करून नेमल्या जागी टाकण्याची जबाबदारी आहे. ती ओळ मेसेजवाल्याने खाल्ली. शिवाय पालिकेने हटवायचा म्हणजे कुठे न्यायचा? वर्षानुवर्षं त्याचं उत्तर होतं पुण्याजवळच्या उरुळी देवाची गावातला कचरा डेपो. तिथल्या आणि फुरसुंगीच्या विहिरींचं पाणी नासलं, गावाला टँकर लावावे लागले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, त्या तीन आठवड्यांहून जास्त. तेव्हा आमच्या कोपऱ्यावर काळ्या पिशव्यांचा ढीग कमरेएवढा झाला होता. त्या दिवसांत ‘कलम ६३’ म्हणत कोणी उरुळीला गेल्याचं ऐकिवात नाही.

‘दुहेरी लूट’ हा मुद्दा अर्धवट समजुतीतून येतो. कराच्या बिलात सफाई कर आहे, बरोबर. पण पुण्यात बहुतेक भागांत कचरा न्यायला दारात येणारी ताई पालिकेची पगारी कर्मचारी नाही. ती ‘स्वच्छ’ची सभासद आहे. कचरावेचकांनी स्वतःची सहकारी संस्था काढून पालिकेशी करार केला, त्यातून ‘स्वच्छ’ उभी राहिली. तिच्या पाठीशी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही १९९३ पासूनची कचरावेचकांची संघटना आहे. ताईची कमाई म्हणजे घराघरातून मिळणारं शुल्क, अधिक सुक्या कचऱ्यातून निवडून विकलेलं भंगार. रस्ते झाडणं, गाड्या, प्रकल्प हा खर्च पालिकेकडे. कचरा देणाऱ्याने वापरशुल्क द्यायचं, हे त्याच २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं. शुल्क किती असावं यावर खुशाल भांडा. पण ‘लूट’ हा शब्द जिच्यासाठी वापरताय, ती तुमचा डायपर आणि काल रात्रीची आमटी हाताने वेगळी करते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढं सांगायला त्या बायकांना मोहीम काढावी लागली.

‘गाडीत एकत्रच होतो’ : इथे मात्र मेसेजवाल्याशी माझं भांडण कमी आहे. मी स्वतः पाहिलंय. सकाळी सव्वासातला आमच्या गेटवर आलेल्या गाडीत दोन कप्पे होते. ओल्याचा भरला, तेव्हा ड्रायव्हरने माझ्यासमोर उरलेला ओला सुक्यात ओतला. विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, दुसरी फेरी नाहीये.’ तक्रार केली, तक्रार नंबर मिळाला, चार दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा एसएमएस आला. निराकरण कसलं झालं देव जाणे. त्यामुळे हा राग खरा आहे, तो मी खोडणार नाही.

पण रागातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ओल्याचा कप्पा सगळ्या सोसायट्या मिळून भरतात. आवारात ओला जिरला तर गाडीत टाकायला तो उरतच नाही, मग तो सुक्यात ओतणार कसा? १०० किलोच्या रेघेमागचं गणित तेच आहे. शहरातल्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो, आणि त्या ओल्यात बरंचसं पाणी. आपण डिझेल जाळून कलिंगडाच्या सालीतलं पाणी गावोगाव फिरवतो. आणि हट्टाने सगळं एकत्र दिलं, तर भुर्दंड पहिल्यांदा ताईला बसतो. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. ड्रायव्हरचं किंवा अधिकाऱ्याचं काही बिघडत नाही.

डेंगीचा मुद्दा एका वाक्यात संपतो : तो डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे फ्रिजमागच्या ट्रेमध्ये नाहीतर कुंडीखालच्या ताटलीत, झाकलेल्या खतात त्याला काही मिळत नाही.

वास आणि उंदरांचं सांगतो, कारण खताचा पहिला महिना आमचाही फसला होता. ओलं तेवढं टाकलं, कोरडं काही नाही, झाकण गच्च. दहाव्या दिवशी खालून काळं पाणी आणि तळमजल्यावरून फोन. चूक साधी होती. ओल्या थरावर पालापाचोळा किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर लागतो आणि आत हवा खेळावी लागते. हवा कोंडली की सडतं, आणि वास सडण्याचा असतो. उंदीर येतात ते शिजवलेल्या अन्नावर आणि हाडांवर. तसलं अन्न मधोमध पुरून वर कोरडा थर दिला आणि बाजूला बारीक जाळी मारली, मग त्रास थांबला. खरी अडचण वेगळीच निघाली. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडं ओकीबोकी होत असताना, पोत्यांत भरून ठेवावा लागतो. हे कुठल्या नोटिशीत नव्हतं, आम्हाला माळीबुवांनी सांगितलं.

आणखी एक. मेसेजमध्ये ‘जागाच नाही’ असंही घुसडलंय. छोट्या, जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतींपुरतं ते पटतं. पार्किंगच धड नाही तिथे खत कुठे करणार? २०१६ च्या नियमातच ‘शक्यतो’ हा शब्द होता, आणि अशा इमारती सहसा १०० किलोपर्यंत पोचतही नाहीत. नोटीस काढणाऱ्याने तो शब्द वाचायला हवा होता, ही माझी पालिकेकडे तक्रार आहे. पण आमच्यासारख्यांचं काय? कार्यालयातली फाईल काढली तर मंजूर नकाशावर, मागच्या भिंतीलगत, ‘गांडूळखत खड्डा’ असं लिहिलेला चौकोन सापडला. प्रत्यक्ष जागेवर गेलो तर वर लाद्या, लाद्यांवर सात गंजलेल्या सायकली आणि एक फुटकी कमोडची टाकी. म्हणजे बिल्डरने दाखवला, परवानगी मिळवली आणि ताबा देताना आपण विचारलं नाही.

सायकलींचे मालक शोधायला दोन महिने गेले. त्यातली एक बी विंगच्या काकांच्या मुलाची निघाली, जो आता बंगळुरूला असतो. काका म्हणाले, ‘विकू नका, तो येईल तेव्हा विचारतो.’ ती अजून तिथेच आहे. बाकीचा खड्डा चालू आहे.