ब्रेक किंचाळतात म्हणून डिस्कवर ऑइल मारू नका

पाऊस सुरू झाला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘डिस्क ब्रेक कुईं-कुईं करतात? गॅरेजला पैसे घालू नका. डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, पॅडला पॉलिश पेपर घासा, घाट उतरल्यावर चाकावर गार पाणी ओता. आवाजाला घाबरू नका, तो धुळीचा असतो.’

आधी स्प्रेचं, म्हणजे ऑइलचं बघू. बाकीच्या सल्ल्यांनी बहुधा आधी पैसे जातील, हा मात्र लगेच जिवावर बेतेल. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर सरळ घासत जात नाही. ते क्षणभर धरतं, सुटतं, परत धरतं. त्या थरथरीला डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) साथ देतात आणि सेकंदाला हजारभर ते १६ हजारांपर्यंत कंपनं होतात. आपला कान २ ते ५ हजारांच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट, म्हणून जराशी थरथरही किंचाळल्यासारखी वाटते. ऑइल मारलं की आवाज जातो हे खरं, पण तो घर्षण गेल्यामुळे जातो, आणि घर्षण म्हणजेच ब्रेक! एकाच चाकाला ऑइल लागलं असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना हे अनुभवायची हौस कुणाला असेल? मारून बसला असाल तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा आणि पॅड बदला. पॅडमध्ये मुरलेलं ऑइल पुसून निघत नाही.

ग्रीसची जागा पॅडच्या पाठीमागे आहे. पाठीची पत्री जिथे पॅड ढकलणाऱ्या पिस्टनला टेकते तिथे, पॅडचे कान जिथे सरकतात तिथे आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांवर. तेही ब्रेकसाठीचंच, उष्णता सोसणारं सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस, अगदी पातळ हात. साधं ग्रीस लावलं तर पिनांचे रबरी बूट फुगतात. पश्चिमेकडच्या तालुक्यांत फिरणाऱ्या गाडीची पिन ओढून बघा: बूट फाटलेला, आत तांबडा चिखल वाळून बसलेला, पिन हाताने हलत नाही. मग आतलं पॅड झिजून पत्र्यासारखं आणि बाहेरचं अजून जाडजूड. अशा वेळी नुसते नवे पॅड टाकून काय उपयोग?

आणि पॅडमागची शिम! रबराचा थर दिलेली ही पत्री कंपनं शोषण्यासाठीच असते. पॅड बदलताना ‘हिचं काय काम’ म्हणून ती बाजूला टाकणारे मिस्त्री आहेत. जुने पॅड परत मागा, शिम आणि क्लिपा मोजून घ्या.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला ग्रे आयर्न, म्हणजे राखाडी बीड, समजावून सांगायला नको. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते कंपनं जिरवतं, म्हणून तर बहुतेक डिस्क त्याच्या असतात. पण डिस्क चरे पडून खडबडीत झाली असेल तर लेथवर फेसिंग मारून ती सपाट करावी लागते, आणि किमान जाडीच्या खाली गेली असेल तर बदलावीच लागते. ती जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

पॉलिश पेपरने वरची चकाकी जाते, आवाज काही दिवस थांबतो, कारण तसंच राहतं. घासलंच तर धूळ फुंकू नका, एअरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

‘घाबरू नका’ हे अर्धं बरोबर आहे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, तो चार-दोन ब्रेकांत उतरतो. पण आवाज रोजचा असेल, तर पॅडला लावलेली लोखंडी जीभ डिस्कला टेकत असू शकते. पॅड झिजलंय हे सांगायलाच ती ठेवलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष केलंत की कुईंचं घर्रघर्र होतं, आणि पॅडसोबत डिस्कचाही खर्च येतो.

राहिलं गार पाणी. तापलेल्या बिडावर ते एकदम ओतलं तर डिस्क वाकडी होऊ शकते, तडकूही शकते. पन्हाळा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनलाच गाडी अडवू देत उतरलात, तर खाली वाघबीळला थांबून बाटली रिकामी करायची वेळच येत नाही.