भात मिळाला, पण कालवणाचे काय?

गेल्या दिवाळीत चिपळूणला माहेरी असताना फराळावरून वाद रेशनवर गेला, आणि एकदा रेशनवर गेलेला वाद आमच्या घरात लवकर उठत नाही. भावाचे म्हणणे असे, की ८० कोटी लोकांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य फुकट वाटल्यामुळे शेतावर मजूर मिळेनासे झाले आहेत. वहिनीचे म्हणणे असे, की मदत करायचीच तर पैसे थेट खात्यात टाकावेत, म्हणजे ज्याला जे हवे ते तो घेईल आणि दुकानदाराला काटा मारायला वाव राहणार नाही. सात वर्षांपूर्वी मनिलाला आले तेव्हा मी वहिनीच्याच बाजूची होते. आता तशी राहिलेली नाही, मात्र भावाच्या बाजूचीही झालेले नाही. मधल्या काळात माझे मत कशाने बदलले, हे त्या दिवशी चकलीच्या घासाबरोबर सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

फिलिपिनो भाषेत शेतातल्या भाताला पालाय, गिरणीतून आलेल्या तांदळाला बिगास आणि शिजवलेल्या भाताला कानिन म्हणतात. साळ, तांदूळ आणि भात असे वेगळे शब्द वापरणाऱ्या कोकणच्या माणसाला हे लगेच आपलेसे वाटते. त्याहून महत्त्वाचा शब्द उलाम. भाताबरोबर जे काही खाल्ले जाते ते सगळे उलाम: मासा, डुकराचे मटण, पालेभाजी, अंडे, आणि हात अगदीच आखडलेला असेल तर पाकिटातले नूडल्ससुद्धा. आपण ज्याला कालवण किंवा तोंडी लावणे म्हणतो तेच हे. या देशातल्या गरीब घराचा रोजचा सगळा हिशेब या दोन शब्दांत मावतो. कानिन पोट भरण्यासाठी असतो, त्याला हात लावता येत नाही. काटकसर करायची ती उलाममध्ये.

हे मी पाहिले ते मनिलाच्या ओर्तिगास भागातल्या आमच्या कचेरीच्या मागच्या गल्लीतल्या करिंदेर्यात. करिंदेर्या म्हणजे आपली साधी खाणावळ. काचेमागे आठ-दहा पातेली मांडलेली असतात, आपण बोट दाखवायचे आणि मालकिणीने वाढायचे. बोट दाखवण्यावरूनच अशा जागेला तुरो-तुरो असेही म्हणतात. मालकिणीला सगळे आते म्हणतात. तिकडे त्याचा अर्थ थोरली बहीण असा होतो, पण माझ्या कानाला ती पहिल्या दिवसापासून माझी आतेच वाटत आली आहे. इथे पगार महिन्यातून दोनदा, १५ आणि ३० तारखेला होतात आणि त्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांना लोक ‘पेत्सा दे पेलिग्रो’, म्हणजे धोक्याच्या तारखा, म्हणतात. स्पॅनिश राजवट जाऊन सव्वाशे वर्षे झाली तरी हा शब्दप्रयोग गेलेला नाही, कारण त्या तारखा गेलेल्या नाहीत. त्या दिवसांत शेजारच्या इमारतीचा रखवालदार आतेकडे येतो, एका भाजीचा अर्धा वाढा आणि दोन वाट्या भात मागतो, आणि फुकट मिळणारे साबाव, म्हणजे हाडांचे पातळ सार, भातावर ओतून घेतो. पगाराच्या दिवशी तोच माणूस एक वाटी भात आणि दोन उलाम घेतो. भात कमी झाला की समजावे, घरात पैसे आले आहेत.

आतेचे स्वतःचे कौशल्यही उलाम ताणण्यातच आहे. मोठ्या पातेलेभर भोपळा आणि चवळीच्या शेंगांत ती मूठभर डुकराचे मटण बारीक चिरून टाकते. याला साहोग म्हणतात: मांस हा पदार्थ राहत नाही, तो मसाला होतो. आमच्याकडे वांग्यात सुकट घालतात तीही याच न्यायाने. मासा किंवा मटण सिरक्यात शिजवले तर फ्रिज नसलेल्या घरातही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, आणि सिरक्याला इथे सुका म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा ‘सुका घालू का’ असे ऐकले तेव्हा मी ताटात कोरडे काही येईल म्हणून वाट पाहत बसले होते. उरलेला भात सकाळी लसणावर परतला की सिनांगाग, म्हणजे आपला फोडणीचा भात. आणि शुक्रवारी मोंगो. मांस वर्ज्य करण्याच्या कॅथलिक प्रथेतून शुक्रवार हा मुगाचा वार ठरला आहे: अख्खे हिरवे मूग मऊ शिजवून, लसूण-टोमॅटोची फोडणी, थोडी सुकी मासळी, आणि उतरवताना मालुंगायची पाने. मालुंगाय म्हणजे शेवगा. आम्ही गोकुळाष्टमीला एक दिवस शेवग्याच्या पाल्याची भाजी करतो आणि वर्षभर शेंगांमागे असतो; इथे शेंगांकडे फारसे कोणी बघत नाही, पाला मात्र कुंपणावरून फुकट तोडता येतो आणि बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या ताटात जातो. सात वर्षांत मी इथे जे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणे जेवण जेवले, ते हे शुक्रवारचे मूग.

परंतु गरिबीत काढलेल्या युक्त्यांचे कौतुक फार ताणू नये. इथल्या खरेदीची रीत टिंगी, म्हणजे सुटे आणि थोडेथोडके. सारी-सारी नावाच्या घरगुती दुकानाच्या जाळीपुढे उभे राहून मूल ‘पाबिली पो’, म्हणजे ‘विकत द्या हो’, अशी हाक मारते आणि एका वेळच्या तळणापुरते तेल छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घेऊन जाते. लसणाच्या चार पाकळ्या, चमचाभर मिरपूड, शाम्पूची एक पुडी, एक सिगारेट, सगळे असेच. जाळीवर पाटी असते, उधार उद्या. ‘आज रोख, उद्या उधार’ ही आपली पाटी वाचत वाढलेल्या मला तिचे भाषांतर कोणी करून द्यावे लागले नाही. आत उधारीची वही असतेच. असे घेतलेले तेल लिटरच्या भावाने मोजले तर सुपरमार्केटपेक्षा बरेच महाग पडते. आमच्या कचेरीत काटकसरीवर व्याख्यान द्यायला आलेल्या गृहस्थांनी ‘महिन्याचा माल एकदम भरा’ असा सल्ला दिला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेली सफाई कामगार हसली. एकदम भरायला एकदम पैसे लागतात, हे त्यांच्या तक्त्यात कुठे नव्हते.

तक्त्यांवरून आठवले. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या सिनेटपुढे नियोजन खात्याने सांगितले, की २०२३ च्या हिशेबाने माणशी दिवसाला साधारण ६४ पेसो अन्नावर खर्च करू शकणारा माणूस अन्नाच्या बाबतीत गरीब नाही. म्हणजे एका जेवणाला २१ पेसो. तेव्हाच्या दराने हे आपले जेमतेम ३१ रुपये. देशभर संतापाची लाट उठली, आणि मला २०११ मधले आपल्या नियोजन आयोगाचे ते प्रतिज्ञापत्र आठवले, ज्यात शहरात दिवसाला ३२ रुपये ही रेषा सांगितली होती, आणि २०१३ मधली मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळते ही मुक्ताफळे. दोन्ही देशांत वाद एकाच वळणाने गेला: त्या रकमेत ताट भरते की नाही, हे लोक बाजारात जाऊन दाखवू लागले. वास्तविक दारिद्र्यरेषेचा आकडा मोजणीसाठी असतो, जेवणाचा दर म्हणून नसतो, आणि तेवढ्यापुरती मी अर्थशास्त्र्यांची बाजू घेईन. पण त्या आकड्यामागच्या नमुना आहारात अंडे, मूग, मासा, केळे असे सगळे मापून बसवलेले असते. प्रत्यक्षात पैसे कमी पडले की ते सगळे प्रमाणात कमी होत नाही. भात तसाच राहतो आणि अंडे जाते.

आता माझ्या मतबदलाकडे येते. फिलिपिन्समध्ये पूर्वी सरकारी धान्य महामंडळ बाजारात स्वस्त तांदूळ विकत असे, किलोला २७ पेसो. त्यात भ्रष्टाचार होता, तुटवडे होते, रांगा होत्या. आपल्याकडे रेशनबद्दल जी जी तक्रार असते ती सगळी होती. २०१९ च्या कायद्याने आयात खुली केली, शुल्क लावले, आणि महामंडळाचे काम आपत्तीसाठी साठा ठेवण्यापुरते उरले. गरीब कुटुंबांना मात्र सशर्त रोख मदत मिळत होती आणि तीत २०१७ पासून तांदळासाठी महिना ६०० पेसो धरलेले होते. वहिनीला हवी तशीच ही व्यवस्था. २०१७ मध्ये साधा तांदूळ साधारण ३८ पेसो किलो होता, म्हणजे ६०० पेसोंत जवळजवळ १६ किलो येत. मार्च २०२४ मध्ये तांदळाची महागाई वर्षाला २४.४ टक्क्यांवर गेली आणि किलोला ५१ पेसो झाले; त्याच ६०० पेसोंत १२ किलोही येईनात. रक्कम कागदावर तीच होती. चिपळूणच्या पाच माणसांच्या घरात मात्र त्या सगळ्या काळात २५ किलो धान्य येत राहिले. जगात तांदळाचा भाव काय चालला आहे, याची त्यांना खबरही नव्हती.

त्या भाववाढीत आपलाही हात होता, हे इथे राहून लपवता येत नाही. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. घरच्या वर्तमानपत्रांतून वाद होता तो ग्राहक विरुद्ध शेतकरी असा. इकडे जगाच्या बाजारातला तांदूळ चढला, सप्टेंबरमध्ये मनिला सरकारला साध्या तांदळाला ४१ आणि बऱ्या तांदळाला ४५ पेसोंची मर्यादा घालावी लागली, आणि ऑक्टोबरमध्ये भारताने खास परवानगी म्हणून फिलिपिन्सला २ लाख ९५ हजार टन तांदूळ मंजूर केला. आतेने वाटीचा दर वाढवला नाही, वाटी बदलली. एके दिवशी भात उपडा करताना ती मला म्हणाली, तुमच्याकडे एवढा आहे तर अडवता कशाला? मी काहीतरी पावसाचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते.

कांद्याच्या बाबतीत तर मला बोलताही येईना. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये मनिलात कांदा ७०० पेसो किलोपर्यंत गेला, मटणापेक्षा महाग. परदेशातून येणारे विमान कर्मचारी बॅगेत कांदे आणताना पकडले गेले. आतेच्या बिस्तेकवरच्या, म्हणजे कांदा घातलेल्या गोमांसाच्या कालवणावरच्या, कांद्याच्या चकत्या नाहीशा झाल्या आणि तिने पाटी न लावता त्याचे नाव नुसते ‘बीफ’ असे सांगायला सुरुवात केली. कांद्याशिवाय त्याला बिस्तेक म्हणणे तिला पटत नव्हते. पुढच्याच महिन्यात सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडल्याची बातमी मी त्याच बाकावर बसून वाचली. दोन्ही ठिकाणी साठवणूक, दलाल आणि आयात-निर्यातीच्या परवान्यांचे चुकलेले वेळापत्रक यांवर बोट ठेवले गेले. बाजारभाव हा गरिबाच्या खिशातल्या रोख रकमेला विचारून हलत नाही, हे मला कुठल्या लेखापेक्षा त्या दोन महिन्यांनी अधिक नीट समजावले.

म्हणून भावाला मी सांगते, की ते ५ किलो खुशाल मिळू देत. शेतावर मजूर मिळत नसतील तर मजुरी वाढवून बघ. पण एवढ्यावर थांबले तर ते अर्धेच सांगणे होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. फिलिपिन्समध्ये २०२१ च्या पाहणीत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास होते, तेही थोडे नव्हे. म्हणजे रेशन असूनही आपण त्यांच्या मागे आहोत. त्याची कारणे अनेक आहेत, पाणी आणि आईचे वजन ही त्यांतली मोठी. पण ताटापुरते बोलायचे तर आपले रेशन कानिन देते आणि उलामकडे पाठ फिरवते. ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिले गेले ते सणापुरते. त्यातली डाळ आणि तेल दर महिन्याला द्यावे आणि रवा-साखर सणालाही दिली नाही तरी चालेल, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी माणशी किलोभर तांदूळ कमी करावा लागला तरी हरकत नाही.

अंड्याबद्दल तर मला महाराष्ट्रातल्या वादाची लाज वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवे तर लोकसहभागातून द्या म्हणून शाळांना कळवले. इथे मुलाच्या ताटात अंडे आहे की नाही एवढेच विचारतात; ते कोणत्या घरातले मूल आहे, हे त्या प्रश्नात येत नाही.

हे सगळे मी भावाला लिहून कळवले. त्याचे उत्तर आले, की कोकणच्या पावसात रेशनच्या गोदामात डाळ ठेवली तर कीड लागेल. कीड तांदळालाही लागते आणि तो आपण निवडून शिजवतोच, असे मी उलट लिहिले आहे. वहिनीला फक्त त्या ६०० पेसोंचा हिशेब पाठवला. तिचे उत्तर अजून आलेले नाही.