चोवीस अक्षरांचं घर

पुण्यात पत्ता सांगायचा म्हणजे एक छोटी कथाच असते. "मारुतीच्या देवळावरून उजवीकडे, मग पिठाची गिरणी, गिरणीसमोरचा जिना, वर येऊन हाक मारा." पोस्टमनलाही ती कथा पाठ, त्यामुळे पाकिटावर अर्धामुर्धा पत्ता असला तरी लग्नपत्रिका बरोबर पोचते. जर्मनीत पत्त्याला कथा नाही. रस्त्याचं नाव, घराचा आकडा, पाच आकडी पिनकोड, गाव, संपलं. फ्लॅट नंबर विचाराल तर बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन खालच्या टपालपेट्यांसमोर उभा राहतो आणि नावं वाचतो. पेटीवर तुमचं नाव असेल तर तुम्ही तिथे राहता. नसेल तर राहत नाही, मग त्या क्षणी वरच्या मजल्यावर तुमच्या कुकरची तिसरी शिट्टी होत असली तरी.

(घराच्या आकड्यांचंही फार मनावर घेऊ नये. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर आकडे एका बाजूने चढत जातात आणि रस्ता संपला की वळसा घालून समोरच्या बाजूने परत येतात. सदाशिव पेठेतल्या माणसाला अगदी माहेरी आल्यासारखं वाटावं.)

जर्मनीत शिकायला जाणारी मुलं मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषेचं देर-दी-दास घोटून जातात, ते चांगलंच आहे. पण विमानतळावर उतरल्यावर लागणारा पहिला शब्द त्यातला नसतो. तो असतो 'आनमेल्डुंग'. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या गावच्या कचेरीत जाऊन 'मी इथे राहतो' असं सांगायचं, त्याला हे नाव. १ नोव्हेंबर २०१५ पासून साऱ्या देशाला नोंदणीचा एकच कायदा आहे आणि उशीर झाला तर दंड १००० युरोपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत द्यायची असते, पण ती आपण मालकावर, मालक एजंटवर आणि एजंट देवावर सोपवून मोकळा होतो. इथे स्वतः जायचं. आणि आधी जाऊन चालत नाही. "पुढच्या सोमवारी राहायला जाणार आहे, आत्ताच लिहून घ्या" म्हणालात तर साहेब हसतसुद्धा नाहीत.

नोंदीसाठी घर हवं, हे ओघानं आलंच. आणि घरासाठी जे जे हवं ते नोंद झाल्याशिवाय मिळत नाही. घरमालक 'शूफा' मागतो, म्हणजे तुम्ही बिलं वेळेवर भरता याचा दाखला; काल विमानातून उतरलेल्या माणसाने जर्मनीत अजून एकही बिल भरलेलं नसतं. मग तो 'मीटशुल्डेनफ्रायहाइट्सबेशायनिगुंग' मागतो. रोमन लिपीत हा शब्द चौतीस अक्षरांचा आहे आणि अर्थ इतकाच, की आधीच्या मालकाचं भाडं थकवलेलं नाही. आधीचे मालक म्हणजे आई-बाबा. त्यांचं काय काय थकवलंय ते लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही.

घराचे आकडेही नीट समजून घ्यावे लागतात. 'एक त्सिमर' म्हणजे वन बीएचके नव्हे. जर्मन माणूस स्वयंपाकघर आणि न्हाणीघर खोल्यांत धरत नाही, हॉल मात्र धरतो. म्हणून आपला वन बीएचके म्हणजे त्यांचा 'दोन त्सिमर', आणि 'एक त्सिमर' म्हणजे एकाच खोलीत पलंग, टेबल आणि पश्चात्ताप. भाड्याचे आकडे दोन: 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या भिंतींचं आणि 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. जाहिरातीत थंड आकडा ठळक असतो आणि खिशातून गरम आकडा जातो. 'अनमोबलिएर्ट' हा शब्द दिसला तर दोनदा विचार करा. आपल्याकडे अनफर्निश्ड म्हटलं तरी ओटा, नळ आणि निदान एक बल्ब मिळतो. तिथे स्वयंपाकघराच्या खोलीत भिंतीतून पाण्याचा पाइप डोकावत असतो, छतातून तीन वायरी लोंबत असतात, आणि ओटा, सिंक, शेगडी सगळं आधीचा भाडेकरू उचलून नव्या घरी घेऊन गेलेला असतो. किंवा तो ते तुम्हालाच विकतो. या व्यवहाराला 'आबलोझं' म्हणतात. सेमिस्टरभरासाठी आलेल्या मुलाने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिपॉझिटला कायद्याची मर्यादा आहे: जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि तेही तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क. हा हक्क नुसता माहीत असून भागत नाही, तो तोंडाने मागावा लागतो. कारण 'श्पेरकोंटो'मध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडलेल्या गोठवलेल्या खात्यात, तुम्ही वर्षाचे ११,९०४ युरो भरले असले (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), तरी त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात. पहिल्याच महिन्यात भाडं, डिपॉझिट, गादी आणि एक कढई असा चौपदरी मारा होतो. त्यासाठी वेगळे पैसे हाताशी ठेवा.

स्वस्तातलं घर म्हणजे श्टुडिएरेंडेनवेर्कचं, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेचं, वसतिगृह. त्याची प्रतीक्षायादी मोठ्या शहरांत महिन्यांत नाही, सेमिस्टरांत मोजतात, म्हणून प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज करायचा; व्हिसाची वाट बघत बसायचं नाही. नाहीतर मग 'वेगे', म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. तिथे खोली मिळण्याआधी जी मुलाखत होते तिला ते कास्टिंग म्हणतात. आपण तिला कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणतो. फक्त पोहे नसतात. समोर तिघं सोफ्यावर, तुम्ही स्टुलावर. "मोकळ्या वेळात काय करतोस?" "जेवण काय बनवतोस?" "साफसफाईच्या वेळापत्रकाबद्दल तुझी भूमिका काय?" भूमिका! घरी ज्याने कधी स्वतःचं ताट उचललं नाही त्याने इथे गंभीर चेहऱ्याने न्हाणीघराच्या पाळीबद्दल भूमिका मांडायची. आणि शेवटी "कळवतो". तेही अगदी आपल्यासारखंच, कळवत नाहीत.

या घाईत ठग गाठतात. त्यांची गोष्ट सगळीकडे एकच: मालक सध्या परदेशात आहे, फोटोत फ्लॅट झकास, भाडं निम्मं, डिपॉझिट पाठवा म्हणजे चावी कुरियरने येईल. चावी येत नाही. घर बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, एवढं एकच पथ्य. घर बघायला दुसरं कुणी नसेल तर त्या गावातला एखादा मराठी मुलगा शोधा. गणपतीच्या वर्गणीच्या यादीत हमखास सापडतो.

आता नोंदीसाठी लागणारा कागद. 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. मोजून चोवीस अक्षरं. घर देणाऱ्याने 'हो, हा माणूस माझ्याकडे राहायला आला' असं लिहून दिलेलं एक पान. पैसे घेऊन खोट्या पत्त्यांवर नावं चढवायचे उद्योग थांबावेत म्हणून कायद्याने तो मागितला. भाडेकराराची जाडजूड प्रत घेऊन गेलात तरी तो याची जागा घेत नाही. त्यावर घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, मालक वेगळा असेल तर त्याचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहायला आलेल्या सगळ्यांची नावं लागतात. घोळ तारखेत होतो. मालक सहीच्या दिवसाची किंवा करार सुरू झाल्याची तारीख टाकून मोकळा होतो. हवी असते ती तुम्ही बॅगा घेऊन प्रत्यक्ष आलात ती तारीख, कारण दोन आठवडे तिथून मोजतात. वेगेमध्ये पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरू हाच तुमचा 'घर देणारा', सही त्याची चालते. त्याने मालकाची परवानगी घेतली आहे का, हे आधी विचारा. नंतर विचारलंत तर तो बियर पाजतो, उत्तर देत नाही.

काही जाहिरातींत खाली बारीक अक्षरांत असतं: 'आनमेल्डुंग होणार नाही.' अशी खोली फुकट मिळाली तरी महाग. राहायला आलात हे लिहून देणं घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तो नाही म्हणाला तर कचेरीला तसं ताबडतोब कळवायचं. उलट न राहता नुसता पत्ता पुरवला तर पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. त्यामुळे "माझ्या काकांचा पत्ता टाक की" हा सल्ला देणाऱ्या मित्राला आधी काकांची ऐपत विचारा.

कचेरीत जायला 'टर्मिन', म्हणजे आधी ठरवलेली वेळ, लागते, आणि बर्लिनसारख्या शहरात ती मिळवणं म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात कोकणकन्येचं तिकीट काढणं. सकाळी सकाळी पान पुन्हा पुन्हा उघडत राहा, रद्द झालेल्या वेळा मधूनच सुटतात. बर्लिनमध्ये कुठल्याही भागातलं ब्यूर्गरआम्ट, म्हणजे हीच नोंदणीची कचेरी, चालतं, म्हणून पलीकडच्या टोकाची वेळ मिळाली तर घेऊन टाका. दोन आठवड्यांनंतरची मिळाली तरी घ्या, आणि बुकिंग कधी केलं त्याचा पुरावा छापून ठेवा. साहेब सहसा तो बघून मान डोलावतात.

बरोबर पासपोर्ट, चोवीस अक्षरांचा कागद आणि भरलेला अर्ज. अर्जात दोन सापळे आहेत. पहिला नावाचा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव बहुधा त्याच रकान्यात असतं. जर्मन साहेबांच्या लेखी ती दोन्ही तुमचीच नावं. म्हणजे कधीही जर्मनीला न आलेले बाबा तुमच्यासोबत नोंदले जातात. यावर वाद घालू नका. पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे लिहा, अगदी बँकेतही, नाहीतर दोन कागदांवर दोन माणसं तयार होतात आणि त्यातल्या एकाचं पत्र कायमचं हरवतं.

दुसरा सापळा धर्माचा. हिंदू म्हणून लिहिलंत काय किंवा रकाना कोरा सोडलात काय, खिशाला फरक पडत नाही. पण वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक मुलगा प्रामाणिकपणे 'रोमन कॅथलिक' लिहितो, आणि पुढे नोकरी लागली की आयकराच्या ८ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत) किंवा ९ टक्के (इतरत्र) रक्कम चर्चसाठी कापली जाते. द्यायची इच्छा असेल तर आनंदाने द्यावी. पगाराची पावती बघून दचकू नये इतकंच.

दहा मिनिटांत शिक्का बसतो आणि एक कागद मिळतो. सगळं संपलं असं वाटतं. खरं म्हणजे आता पत्रं सुरू होतात. पहिलं करखात्याचं: अकरा आकडी 'श्टॉयर-आयडी'. हा आकडा ईमेलवर नाही, फोनवर नाही, टपालानेच. दुसरं रेडिओ-टीव्ही वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" हे वाक्य जर्मनमध्ये पाठ करून ठेवलं असेल तर ते २०१३ पासून निरुपयोगी आहे. वर्गणी टीव्हीमागे नाही, घरामागे आहे. वेगेत एकाने भरली की सगळ्यांची झाली, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र कचऱ्यात टाकलं तर ते स्वतःच तुमची नोंद करतात आणि मागची थकबाकी लावतात. तिसरा टप्पा परदेशी नागरिकांच्या कचेरीचा, राहण्याच्या परवान्याचा. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला आणि कार्ड आलं नाही, तर मधल्या काळासाठी जो कागद देतात त्याचं नाव 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग', म्हणजे कल्पनेचं प्रमाणपत्र. तुमचा मुक्काम कायदेशीर आहे अशी सरकार कल्पना करतं आणि त्या कल्पनेवर सही-शिक्का मारून देतं.

ही सगळी पत्रं खालच्या त्या टपालपेटीत यायची, म्हणून पुन्हा पेटीकडे, तिच्यावरच्या नावाच्या पट्टीकडे. पेटीवरच्या कप्प्यात बोटभर लांबीची कागदी पट्टी बसते. सगळ्या पेट्यांवर एकसारख्या कोरलेल्या पट्ट्या असतील तर नवी पट्टी इमारतीचं व्यवस्थापन करतं आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. तोवर स्वतःची चिकटवा आणि त्यांना कळवा. जेल पेनने लिहू नका, पेटी बाहेर असेल तर पहिल्या पावसात क्षीरसागर खरोखर सागर होतो. बॉलपेन किंवा प्रिंट, वरून पारदर्शक टेप, आणि टेप कागदापेक्षा चारही बाजूंनी जास्त. फक्त आडनाव पुरतं, पण पासपोर्टवरच्या स्पेलिंगचं. 'देशपांडे'तला एक 'ई' गाळून जागा वाचवू नका. आधीच्या माणसाची पट्टी काढून टाकू नका, तो कदाचित मूळ भाडेकरू असेल. पट्टीवर जागाच नसेल तर पत्त्यात 'केअर ऑफ' लिहून त्याचं नाव द्या. आणि दारावरच्या बेलची पट्टी वेगळी असते. पत्र पेटी बघून येतं, पार्सल बेल बघून. आईने पाठवलेली भाजणी बेलवर नाव नाही म्हणून परत पुण्याला गेली, तर तिला समजावण्यासाठी जर्मन कायद्याचं कुठलंही कलम उपयोगी नाही.

देश सोडताना हेच सगळं उलटं. 'आबमेल्डुंग', म्हणजे नोंद काढणं, निघण्याआधी फार तर एक आठवडा, निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत. बेमुदत करार असेल तर घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची, कागदावर, शाईच्या सहीने. व्हॉट्सॲपवर "भाऊ, सोडतोय" चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. आणि पट्टी काढताना नखाने खरवडू नका. केस वाळवायच्या ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, टेप सुटते. पेटीवर ओरखडा दिसला तर डिपॉझिटमधून कापायला मालकाला तेवढं निमित्त पुरतं.