घेता यायला हवं

शोकसभेत हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : "आयुष्यात कधी कुणाचे मिंधे झाले नाहीत." सगळे माना डोलावतात. मला मात्र हल्ली हे ऐकलं की त्या माणसाच्या घरच्यांची कीव येते. ज्याला कुणाचं काही घेताच येत नाही, त्याच्यासोबत दिवस काढणं फार अवघड असतं हो. आजारपणात डबा पाठवलात, तर त्याच डब्यातून संध्याकाळी तुमच्या घरी पेढे. दवाखान्यात रात्रभर बसलात, तर सकाळी रिक्षाचे पैसे हातात कोंबणार. तुम्ही मायेने केलेलं त्याने उधारीच्या खात्यात मांडलं आणि लगेच चुकतं करून टाकलं. आता पुन्हा काही करायला जायची तुमची छाती होत नाही.

देण्याबद्दल आपल्याकडे उदंड बोललं जातं. नाती अडतात ती मात्र घेण्यापाशी, असं माझं स्पष्ट मत झालंय.

माझं माहेर लोणंद-तरडगाव पट्ट्यातलं. माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरली की आमच्याकडे चुलीला उसंत नसते. पिठलं, ठेचा, भाकऱ्यांच्या चवडी. कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतंय, कुणी दाढ्या करतंय, कुणी तेल लावून पाय चोळतंय. पेपरात दरवर्षी कौतुक छापून येतं ते या देणाऱ्यांचं. मी लहानपणापासून बघत आले ती घेणाऱ्यांची ऐट.

एका वर्षी मराठवाड्यातल्या एक आजीबाई थेट अंगणात आल्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन ओट्यावर टेकवलं आणि आईला म्हणाल्या, "माऊली, जरासं पाणी तापीव, पाय लई दुखायलेत." बहिणीच्या घरी सांगावं तसं सांगितलं. पाय शेकून घेतले, दीड भाकरी खाल्ली, पिठल्यात मीठ कमी पडलंय हेही सुनावलं. निघताना आईच्या पाया पडायला वाकल्या. आई त्यांच्या निम्म्या वयाची. ती गडबडून स्वतःच खाली वाकली आणि दोघींची डोकी टाणकन आपटली. कपाळं चोळत दोघी हसत सुटल्या. वारीत एकमेकांच्या पाया पडायची रीतच आहे. कोण मोठं, कोण धाकटं, कोण देणारं, कोण घेणारं हा हिशोब तिथे लागत नाही. त्या आजी पुन्हा आमच्या दारी आल्या नाहीत. त्यामुळे फेडीचा प्रश्नच मिटला. पण मिठाचा तो शेरा आई अजून खुशीत सांगते.

आणि हीच माझी आई घरच्या लग्नात आहेराची वही सांभाळते! कुणाचं पाकीट कितीचं, कुणाची साडी फिरवाफिरवीतली, सगळी नोंद. त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची आणि तेवढंच, फार तर पन्नास वर, परत करायचं. परक्या बाईसाठी जो हात मोकळा, तो सख्ख्या जावेसमोर आखडतो. हे कोडं फक्त आमच्या घरचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माफीचंही असंच. मराठी नवरा "चुकलं माझं" सहसा म्हणत नाही. भांडणानंतर दोन तासांनी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, "चहा टाकू का?" झाली माफी मागून. अशा वेळी चहा घ्यावा. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळावं. आणि ज्याला माफ केलंय त्यानेही ते मुकाट घ्यावं. काही माणसं "मी किती वाईट आहे" म्हणत इतका गळा काढतात की ज्याचं मन दुखावलं त्यालाच शेवटी त्यांची समजूत घालत बसावं लागतं. हेही न घेणंच.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, की म्हणजे सगळं पोटात घालायचं का? तर नाही. "सांभाळून घे" हे आपल्याकडे कुणाला सांगितलं जातं ते आठवून बघा. सुनेला, धाकट्या भावाला, घरकामाच्या मावशींना. सासऱ्यांना कुणी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ज्याच्याकडे नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या गप्प बसण्याला मोठेपणा म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. वारीवर एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहायला हवं, की पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. चोखोबांची समाधी पायरीशी आहे, आत नाही. एवढी शतकं कुणी कुणाला सांभाळून घेतलं?

पण त्याच सोहळ्यात मला फार आवडणारी एक रीत आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग पुढचं. घराघरांत अशी सोय हवी. आमच्याकडे ज्याचा टाळ वाजत राहतो त्यालाच "किती ताणणार आहेस?" विचारतात.

असो. भाचीच्या लग्नाची पत्रिका या आठवड्यात छापायला जायचीये. "कृपया आहेर आणू नये" ही ओळ ठेवायची की काढायची यावर घरात दोन तट पडलेत. मी काढा म्हणणाऱ्यांत. येणाऱ्याला द्यावंसं वाटतंय तर देऊ दे की! फक्त मांडवाच्या दारात वही घेऊन कुणी बसायचं नाही, एवढी अट घातलीये. सगळ्यात जोरदार विरोध अर्थातच आईचा आहे.